राणीकडून बाप्तिस्म्याला चांदीचा पेला: माया की मोहोर?

सांजवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी बऱ्याच मुलांची गॉडमदर होती, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या वतीने वचन देणारी धर्ममाता. नात्यागोत्यातल्या राजघराण्यांतली मुलं तर होतीच, पण मला ज्या दोन बाळांनी धरून ठेवलंय ती दोन्ही १८६३ सालची आणि साम्राज्याच्या पार दोन टोकांकडची. एक लागोसची व्हिक्टोरिया डेव्हिस. तिची आई सारा फोर्ब्ज बोनेटा ही पश्चिम आफ्रिकेतली योरुबा मुलगी, लढाईत घरची माणसं गेली, दाहोमेच्या गेझो राजाच्या कैदेत होती, तिथून १८५० मध्ये कॅप्टन फोर्ब्जने 'बोनेटा' जहाजातून तिला इंग्लंडला आणलं, तेही अक्षरशः एका राजाने राणीला पाठवलेली भेट म्हणून. दुसरं बाळ माओरी, आल्बर्ट व्हिक्टर पोमारे, न्यूझीलंडहून इंग्लंडला आलेल्या जोडप्याला लंडनमध्येच झालेलं.

दोघांनाही राणीकडून जवळजवळ सारखाच आहेर. पेला, सुरी, काटा, चमचा. साराच्या मुलीला सोबत तबकही. पेल्यावर नाव कोरलेलं.

आता माझा प्रश्न. ही माया म्हणायची की मोहोर? लेकराला प्रेमाने काहीतरी द्यावं तसं दिलं, की आपल्या मालकीच्या वस्तूवर ठसा मारावा तसा मारला? माझं मत सध्या मोहोरेकडे झुकतंय. मुलांची नावंसुद्धा बघा ना, एक व्हिक्टोरिया, दुसरा आल्बर्ट व्हिक्टर. तुम्हाला काय वाटतं?

घाटमाथा

मोहोर. शंभर टक्के. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

आज्जीचा_बटवा

छान विषय काढलास गं. मला इतिहासातलं फार कळत नाही पण बाळाला चांदी द्यायची हे आपल्याकडेही आहेच की. बारशाला वाटी-चमचा, बोंडलं, वाळे, मनगट्या, कमरेची साखळी. माझ्या माहेरी एक चांदीची वाटी आहे, माझ्या बाबांच्या बारशाची, तिच्या काठावर बारीक बारीक खड्डे आहेत. लहानपणी मला वाटायचं पडून पडून झालेत. आजी म्हणाली अगं ते तुझ्या बापाचे दात, पहिले दोन आले तेव्हा दिवसभर वाटीच चावत बसायचा. त्या वाटीत बाबांनी, मी आणि माझ्या लेकीने, तिघांनी गुरगुट्या भात खाल्लाय.

तर मला विचारायचंय की त्या राणीने दिलेल्या पेल्यातून कोणा बाळाने दूध प्यायलं का, की कपाटातच राहिले?

मोडीवाचक

@सांजवारा, राजेलोक धर्मलेकरांना देत ते दान फार जुनं आहे आणि त्यात राजकारण पहिल्यापासून आहे. एक किस्सा सांगतो.

१५६६ साली स्कॉटलंडच्या मेरी राणीला मुलगा झाला, तोच पुढे जेम्स राजा. धर्ममाता कोण, तर इंग्लंडची पहिली एलिझाबेथ. म्हणजे जिच्या गादीवर मेरीचा डोळा तीच. एलिझाबेथ स्वतः गेली नाही, तिच्या जागी अर्गाइलची काउंटेस उभी राहिली. पण बेडफर्डच्या अर्लबरोबर बाप्तिस्म्याचं पात्र पाठवलं, चांदीचं नाही, चक्क सोन्याचं, ३३३ औंस वजनाचं. बाळ जूनमध्ये झालं आणि बाप्तिस्मा स्टर्लिंगच्या किल्ल्यात डिसेंबरात, म्हणून एलिझाबेथने निरोप दिला होता की बाळ एवढ्यात मोठं होऊन त्यात मावत नसेल तर पुढच्या बाळासाठी ठेवा.

पुढचं बाळ कुठलं. वर्षभरात मेरीवर बंड झालं, सैनिकांचे पगार द्यायला पैसे नाहीत, पात्र वितळवलं. त्याच जेम्सच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला, १५९४ मध्ये, एलिझाबेथने परत चांदीची भांडी पाठवली आणि डच प्रजासत्ताकाकडून सोन्याचे पेले आले. जेम्स मेलव्हिल नावाचा दरबारी तिथे हजर होता, त्याने आठवणींत हळहळ लिहून ठेवली आहे की हे पेले पुढच्या पिढ्यांसाठी राखायला हवे होते, पण लवकरच वितळवून खर्चून टाकले.

म्हणजे माया की मोहोर हा प्रश्न बाजूला ठेवा, बरेचदा ती चक्क बचत होती. अडीनडीला मोडता येईल असं धन.

शेवगा

३३३ औंस म्हणजे दहा किलोच्या वर! हिशोब केला, जवळजवळ ८८८ तोळे. आमच्याकडे बारशाला अर्ध्या ग्रॅमचं पान आलं तरी आई वहीत लिहून ठेवते, कोणी दिलं, किती दिलं, पुढे त्यांच्याकडे किती द्यायचं.

आज्जीचा_बटवा

@शेवगा वही ठेवायलाच हवी हो. वही नसेल तर माणसं दुखावतात.

हुपरीकर

आमची तिसरी पिढी चांदीत आहे म्हणून दोन शब्द.

इंग्रजी वर्णनात सोन्याचा पेला लिहिलेलं असतं तेव्हा तो डाग, म्हणजे भांडं, मुलाम्याचा तर नाही ना हे आधी बघायचं. राजेरजवाड्यांच्या भेटींत चांदीवर सोन्याचा मुलामा हाच प्रकार फार. आणि जुना मुलामा म्हणजे आजच्यासारखा करंटवर चढवलेला नाही. सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लेप भांड्यावर लावायचा आणि आगीवर धरायचं, पारा उडून जातो, सोनं बसतं. उडून गेलेला पारा कुठे जातो? कारागिराच्या छातीत. हात थरथरायचे, दात पडायचे त्या लोकांचे. तो मुलामा इतका घट्ट बसतो की दोनशे वर्षांनीही आतल्या बाजूला पिवळा धमक दिसतो. आत मुद्दाम देत, कारण अंडं आणि मीठ चांदीला काळं करतं.

उठावाचं काम म्हणजे पत्रा राळेवर बसवून मागून ठोकून फुलं वर काढायची, मग पुढून बारीक पोगराने, म्हणजे छिन्नीने, पाकळीची कड धरायची. एका पेल्यावर द्राक्षाचे घोस काढायचे तर माणसाचे दिवसच्या दिवस जातात. बाप्तिस्म्याचा पेला भरगच्च नक्षीचा असला तरी मध्ये एक जागा गुळगुळीत ठेवतात बघा. ती नावासाठी.

आणखी एक. इंग्लंडात १७८४ ते १८९० पर्यंत चांदीच्या डागावर राजाच्या किंवा राणीच्या डोक्याचा छोटा ठसा असायचा. तो कसला, तर कर भरल्याची पावती. त्यामुळे १८६३ च्या कुठल्याही साध्या माणसाच्या चमच्यावरसुद्धा व्हिक्टोरिया राणी आहेच, सिंहाच्या शेजारी. सिंह म्हणजे हजारात ९२५ शुद्ध चांदी. मोहोरच म्हणायची तर ती सगळ्यांच्याच भांड्यावर होती.

सांजवारा

@हुपरीकर, किती सुंदर लिहिलंत! ती नावासाठी राखलेली गुळगुळीत जागा आता डोक्यातून जाणार नाही.

लंडनचा_पाऊस

मी इकडे बारा वर्षं आहे. आईबाबा आले की टॉवर ऑफ लंडन ठरलेला, त्यामुळे लिली फॉन्ट चारपाच वेळा पाहिलाय. कोहिनूरच्या रांगेत सगळे ढकलत पुढे जातात आणि याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. बाप्तिस्म्याचं पात्र आहे, चांदीचं, सोन्याचा मुलामा. वरचा वाडगा म्हणजे उमललेलं कमळच म्हणा ना, काठाला सगळीकडे वॉटर लिलीची पानं आणि कळ्या, खाली वीणा घेऊन बसलेली गुटगुटीत बाळं. व्हिक्टोरिया-आल्बर्टच्या थोरल्या मुलीसाठी केलं, पहिल्यांदा वापरलं १० फेब्रुवारी १८४१ ला, आणि अजून राजघराण्यात बाळ झालं की टॉवरमधून काढून नेतात, जॉर्डन नदीचं पाणी भरतात. ही भेट नाही म्हणजे, पण सुचलं म्हणून.

भेटीचाच किस्सा हवा असेल तर हा घ्या, माझा सगळ्यात आवडता. आत्ताचे चार्ल्स राजे, यांचा बाप्तिस्मा १५ डिसेंबर १९४८ ला बकिंगहॅम राजवाड्यातल्या म्युझिक रूममध्ये झाला कारण तिथलं चॅपल युद्धात बॉम्बने पडलेलं. पणजी, म्हणजे क्वीन मेरी, हिने बाळाला चांदीचा मुलाम्याचा झाकणवाला पेला दिला. तो पेला १७८० साली तिसऱ्या जॉर्ज राजाने आपल्या एका धर्मपुत्राला दिलेला होता. आणि तिसरा जॉर्ज हा क्वीन मेरीचा पणजोबा. तिने डायरीत लिहून ठेवलंय की माझ्या पणजोबांची भेट मी माझ्या पणतवाला दिली, १६८ वर्षांनी. म्हातारीला किती समाधान वाटलं असेल हे लिहिताना, मला ते वाचून फार बरं वाटतं.

शेवगा

म्हणजे फिरता आहेर! आमच्याकडे एक तांब्याचा लोटा असाच चार लग्नं फिरून परत आमच्याच घरी आला, आईने बुडाखालचं नाव वाचून ओळखला.

लंडनचा_पाऊस

@शेवगा हाहाहा. अगदी तेच, फक्त इथे मधे १६८ वर्षं.

@हुपरीकर, तुमच्या ठशाच्या माहितीवरून लक्षात आलं, पेला १७८० चा म्हणजे त्यावर ते राजाचं डोकं नसणार, तो कर नंतर आला. बरोबर ना?

हुपरीकर

बरोबर. चार वर्षं आधीचा डाग.

वसईची_लेक

धागा सकाळपासून वाचतेय. आम्ही वसईचे ख्रिस्ती, त्यामुळे थोडं आतून सांगते, कारण वर सगळे भेटीबद्दल बोलताहेत आणि नात्याबद्दल कमी.

धर्ममाता म्हणजे आहेर आणणारी बाई नाही. बाप्तिस्म्याला फादर प्रश्न विचारतात, बाळाला बोलता येत नाही, त्याच्या वतीने आईबापांबरोबर धर्ममाता-धर्मपिता उत्तर देतात. मेणबत्ती त्यांच्या हातात असते. पुढे आईबाप कमी पडले तर त्या पोराच्या श्रद्धेची काळजी घ्यायची हे वचन असतं ते. माझी धर्ममाता माझ्या आईची मैत्रीण, गरीब बाई, मासळी विकायची. तिने मला पांढरा झगा आणि चांदीची एवढीशी साखळी दिली. साखळी पुढे एका सराफाकडे डाक द्यायला दिली तेव्हा बदलून आली, वजनाला हलकी, टंचालाही कमी. आई महिनाभर रडत होती, साखळीसाठी नाही हो, ती बाई तेव्हा गेलेली होती म्हणून.

तर चांदीला किंमत असते ती देणाऱ्याने पुढे काय केलं त्यावरून. राणीने पेला पाठवला, ठीक. पुढे काय केलं हे बघायला हवं. @सांजवारा, तुझा प्रश्न चांगला आहे पण उत्तर पेल्यात सापडणार नाही असं मला वाटतं.

घाटमाथा

रात्री लिहितो म्हटलं होतं, लिहितोय.

@वसईची_लेक तुमचा मुद्दा पटला, तोच धरून पुढे जातो. पुढे काय केलं ते बघू. कूर्गची राजकन्या गौरम्मा. इंग्रजांनी १८३४ मध्ये तिच्या बापाचं, चिक्क वीरराजेंद्राचं राज्य घेतलं आणि त्याला काशीला नजरकैदेत ठेवलं. १८५२ मध्ये तो मुलीला घेऊन इंग्लंडला गेला, ईस्ट इंडिया कंपनीने अडकवलेला पैसा परत मिळावा म्हणून खटला लढायला. ३० जून १८५२ ला बकिंगहॅम राजवाड्यात कँटरबरीच्या आर्चबिशपने तिला बाप्तिस्मा दिला, राणी धर्ममाता, नाव व्हिक्टोरिया गौरम्मा. वय अकरा. विंटरहाल्टरने चित्र काढलं, मारोचेट्टीने संगमरवरी अर्धपुतळा केला. मानमरातब सगळा. पण पोरीला बापापासून तोडून इंग्रज कुटुंबांकडे वाढायला ठेवलं. राणीच्या मनात तिचं पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीप सिंग याच्याशी लग्न लावायचं होतं, का तर दोघं हिंदुस्थानी राजघराण्यातले आणि दोघं ख्रिस्ती. त्याने नाही म्हटलं. शेवटी तिच्याहून कितीतरी मोठ्या कर्नल कॅम्पबेलशी लग्न झालं आणि १८६४ मध्ये क्षयाने गेली, बावीस-तेवीस वर्षांची.

हिला काय म्हणायचं, माया? माझ्या लेखी ही दाखवायची वस्तू होती. पुतळा करून ठेवला यातच आलं.

आज्जीचा_बटवा

अगाई गं. अकरा वर्षांची पोर. वाचवत नाही.

मोडीवाचक

घाटमाथा, सहमत, पण दुसरीही बाजू. दुलीप सिंगच्या मुलांपैकी थोरला व्हिक्टर आणि धाकटी सोफिया, दोघांची धर्ममाता व्हिक्टोरियाच. सोफियाला राहायला हॅम्प्टन कोर्टला घर दिलं. आणि तीच सोफिया पुढे बायकांच्या मताधिकारासाठी रस्त्यावर उतरली, १९१० मध्ये पार्लमेंटवर गेलेल्या मोर्चात पुढे होती, मत नाही तर कर नाही म्हणून कर भरायचं नाकारलं, तेव्हा सरकारने तिची हिऱ्याची अंगठी जप्त करून लिलावात काढली. म्हणजे मोहोर मारली तरी माणूस त्या मोहोरेत राहतोच असं नाही.

गोड_शिरा

अवांतर: चांदीच्या वाटीत दूध दिल्याने बाळाला सर्दी होत नाही म्हणतात ते खरं का? भाची झालीये, वाटी घ्यायचीय.

आज्जीचा_बटवा

@गोड_शिरा सर्दीचं माहीत नाही बाळा, वाटी रोज गरम पाण्याने धुवायची एवढं मात्र नक्की. बोंडलं वापरायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचार, घाई करू नकोस.

लंडनचा_पाऊस

अवांतरात भर: इथे जुन्या वस्तूंच्या बाजारात बाळांचे चांदीचे खुळखुळे दिसतात, घुंगरं लावलेले आणि टोकाला पोवळ्याचा तुकडा. दात येताना चावायला पोवळं, आणि दृष्ट लागू नये म्हणूनही. माझी आई ते बघून म्हणाली, यांच्याकडेही दृष्ट लागते होय!

राईनकाठ

जर्मनीतून. इथे एखाद्या घरी सातवं मूल झालं की राष्ट्राध्यक्ष मानद धर्मपिता होतात, आईबापांनी अर्ज केला तर. ५०० युरो मिळतात. चांदी नाही, नक्षी नाही. प्रथा मात्र राजेशाहीतून आलेली.

मोडीवाचक

@राईनकाठ जर्मनीवरून आठवलं, प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिख विल्हेल्म. व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, हा धर्मपिता. २५ जानेवारी १८४२ ला विंडसरला बाप्तिस्मा झाला, राजा स्वतः समुद्र ओलांडून आला. भेट म्हणून चांदीची ढाल करायचं ठरलं, श्रद्धेची ढाल असंच नाव तिचं. आराखडा चित्रकार कॉर्नेलियसचा, काम बर्लिनचा सोनार होसाउअर याचं. मध्यभागी ख्रिस्ताचं मुख, भोवती सोनं, मीना, कोरलेले खडे, आणि कडेच्या पट्टीवर बायबलमधल्या प्रसंगांना लागूनच या बाळाचा जन्म आणि राजाचा इंग्लंडप्रवास. एवढं काम व्हायला १८४७ उजाडलं. बाळ पाच वर्षांचं.

शेवगा

बारशाची भेट मुंजीच्या तयारीला लागेस्तोवर :)

घाटमाथा

आणि या ढालीतून दूध पिता येत नाही. आज्जीच्या प्रश्नाला हे उत्तर.

वसईची_लेक

मी काल म्हटलं ना पुढे काय केलं ते बघायला हवं, तर व्हिक्टोरिया डेव्हिसचं शोधून वाचलं. घाटमाथा, तुमच्या गौरम्माचं दुःख खरंच आहे, ते कमी करत नाहीये. पण हेही ऐका.

राणीने या मुलीला वर्षासन बांधून दिलं. चेल्टनहॅमला मुलींच्या नावाजलेल्या कॉलेजात शिकली. १८८० च्या ऑगस्टमध्ये तिची आई सारा मादेरा बेटावर हवापालटासाठी गेली होती तिथे क्षयाने वारली. ही सतरा वर्षांची पोर तेव्हा राणीला भेटायला तिच्या ऑस्बोर्नच्या वाड्यावर जायला निघालेली, आणि त्याच दिवशी सकाळी तिला कळलं की आई गेली. राणीने त्या दिवशी रोजनिशीत लिहिलंय, बिचाऱ्या व्हिक्टोरिया डेव्हिसला भेटले, आज सकाळीच तिला आईचं कळलं. तिला आपलं धर्मलेकरू म्हटलंय.

आई मेलेल्या पोरीला त्या दिवशी भेटायला धर्ममाता होती. वचन तेवढ्यासाठीच असतं हो. बाकी साम्राज्य होतं, रंगाचा उल्लेख त्या ओळीतही आहे, सगळं आहे. पण ती भेटली.

घाटमाथा

हे मला माहीत नव्हतं. शंभर टक्के म्हटलं होतं ते मागे घेतो. गौरम्माच्या बाबतीत मत तेच आहे.

हुपरीकर

मी त्या लागोसच्या पेल्यावरचा मजकूर बघत होतो. आमच्या धंद्यात भांड्यावर नाव घालायला येतात तेव्हा देणाऱ्याचं नाव मोठं, वर, पदवीसकट हवं असतं. ट्रस्टी, सरपंच, चेअरमन. लेकराचं नाव खाली बारीक, जागा उरली तर. पूर्वी हातोडी आणि खिळ्याने ठिपके ठिपके करून अक्षर काढायचो, आता मशीन आहे, पण हट्ट तोच.

पेल्यावर कोरलेलं मराठीत सांगायचं तर असं: 'व्हिक्टोरिया डेव्हिसला, तिची धर्ममाता, ग्रेट ब्रिटन व आयर्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्याकडून, १८६३'. आधी पोरीचं नाव. मग धर्ममाता. राणी त्याच्यानंतर. ज्याने नाव कोरलं त्याला तसा क्रम सांगितला गेला होता.

मोडीवाचक

वा हुपरीकर. जुन्या कागदांवर आधी बिरुदावल्या वाचून थकायला होतं, तिथे हा क्रम खरंच वेगळा आहे.

सांजवारा

सगळं दोनदा वाचलं. मोहोरेकडे झुकत होते, आता तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. गौरम्मासाठी मोहोर, त्या लागोसच्या मुलीसाठी माया, आणि पोमारेच्या बाळाचं पुढे काय झालं ते मला अजून शोधायचंय, सापडलं की इथेच टाकीन.

खरं कारण आता सांगते. पुढच्या रविवारी भावाच्या मुलीचं बारसं आहे, मी आत्या, नाव मीच ठेवणार. वाटी आणि चमचा घेऊन ठेवलाय, साधाच, काठाला एक वेल. नाव घालायचं होतं आणि काय घालायचं ते सुचत नव्हतं. आधी नुसतं 'आत्याकडून' आणि तारीख असं ठरवलं होतं. आता आधी तिचं नाव.

@हुपरीकर, वाटी लहान आहे, तीन बोटं उंचीची. नाव कुठे घालू?

हुपरीकर

बुडाला घाला ताई, बाहेरून. काठाजवळ पत्रा पातळ असतो, मशीनची सुई आत उमटते, आणि वेल आहे तिथे अक्षर वाचता येत नाही. बुडाला सपाट जागा मिळेल. आधी तिचं नाव, खाली आत्याकडून, तारीख आकड्यात, महिना अक्षरात नको, जागा खातो. खोल कोरायला सांगा, पॉलिश करून करून उथळ अक्षर वीस वर्षांत पुसतं. आणि नाव घालायच्या आधी नाव फुटू देऊ नका, दुकानदार गावातलाच असेल तर रविवारच्या आत सगळ्यांना कळेल.

आज्जीचा_बटवा

आणि काठाला खड्डे पडले तर बुजवू नकोस गं.